कौन आई?

अफझलगंजला पुस्तकं बांधणारे एक चाचा आहेत. उर्दू लिपीतला जुना कागद दिला की आधी विचारतात, "जबान कौनसी?" कारण त्या लिपीत लिहिलेला 'मन' फारसीत 'मी' होतो आणि अरबीत 'कोण'.

माझे वडील उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळे मराठीही त्याच लिपीत लिहायचे. मला ती येत नाही. ते गेल्यावर त्यांची वही चाचांकडे नेली. चाचा न कळणारं मराठी मोठ्यानं वाचत होते, मी ऐकत होतो. एका पानावर ते थांबले.

"अब्बा बार-बार 'आई' लिखे. कौन आई जी?"

"चाचा, मराठी में आई मतलब अम्मा."

त्यांनी चष्मा पुसला आणि ते पान पहिल्यापासून वाचलं, आता हाक मारल्यासारखं.