वसुधाबाईंनी दोनदा लिहिलेलं पुस्तक

सव्वा महिना होऊन गेला त्याला. सकाळी दुकान उघडून मी झेरॉक्स मशीनमध्ये टोनर भरत होते, दोन्ही हात काळे, आणि फोन वाजला. पदराला बोटं पुसून घेतला, तर अश्विनी. अश्विनी म्हणजे वसुधाबाईंची जुनी विद्यार्थिनी, आता त्यांच्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. “मावशी, बाई गेल्या...” एवढंच बोलली. अशा वेळी माणूस विचारतं, कधी गेल्या, जवळ कोण होतं. माझ्या तोंडून काय निघावं? “आन पानाचं प्रकरण?” नंतर माझी मलाच लाज वाटली. पण पलीकडून अश्विनीही हुंदके देत म्हणाली, “अर्धंच राहिलं, मावशी.” म्हणजे पहिल्यांदा तिच्याही मनात तेच आलं होतं.

आमची ओळख झाली ती भांडणातून. भवानी पेठेत कॉलेजच्या वाटेवर माझं दुकान. मी मूळची जेऊरकडची. सातवीनंतर शाळा सुटली, लग्न होऊन सोलापुरात आले, आमचे मालक वारल्यावर हे मशीन चालवायला शिकले. आता खरं सांगायचं तर तेव्हा माझं निम्मं दुकान आख्ख्या पुस्तकांच्या झेरॉक्सवर चालायचं. वर्गात मिळून एक पुस्तक विकत आणायचं आणि बाकीच्यांनी माझ्याकडून प्रती काढून न्यायच्या, अशी पोरांची रीतच होती. चूकच की ती, मी नाही म्हणत नाही. तर एक दिवस सुती साडीतल्या एक उंच बाई तरातरा आल्या आणि स्पायरल घातलेली एक प्रत त्यांनी काउंटरवर आपटली.

“हे तुम्ही काढलंत?”

“व्हय. पानं मागंपुढं झाली का?”

“पानं नीट आहेत. पुस्तक माझं आहे! मी लिहिलंय हे.”

मी मनातून लई घाबरले, पण माझी जीभ कुठली गप्प बसते! म्हटलं, “तुमचं हाय तर एवढं महाग कशापायी केलं, बाई? पोरांनी मेस बंद करून पुस्तक घ्यायचं का?”

“किंमत मी नाही ठरवत. प्रकाशक ठरवतो.”

“आता गं बया! लिहायचं तुमी, आन भाव दुसऱ्यानं सांगायचा?”

बाई स्टुलावर बसल्या, पाणी मागितलं. मग हळूच विचारलं, “कुठलं प्रकरण जास्त नेतात मुलं?” मी म्हटलं, “झाडाच्या पानाचं. मलाबी तेच आवडतं.” “तुम्ही वाचता?” “मशीन कागद वडतंय तवर दुसरं करायचं काय?” तेव्हा जे हसल्या... पोलिसात देतील म्हणून मी देव पाण्यात घालायच्या बेतात होते, आणि ही बाई हसतेय! पुढं येताजाता थांबायला लागल्या. कुठलं प्रकरण समजलं, कुठं अडलं, मला विचारायच्या. मीही सांगायची की. सातवी शिकलेल्या बाईला इतकं ऐकून घेणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही.

अशी बरीच वर्षं गेली. बाई निवृत्त झाल्या आणि त्याच सुमारास विद्यापीठानं ठरवलं, की शिक्षकांनी मराठीत पुस्तकं लिहायची आणि ती इंटरनेटवर सगळ्यांना मोकळी करायची. मुक्त शैक्षणिक साहित्य म्हणतात त्याला. कुणीही फुकट घ्यावं, छापावं, वाटावं, चूक दिसली तर सुधारावी. बाई लहान मुलीसारख्या हरखल्या. म्हणाल्या, माझं जुनं पुस्तकच देऊन टाकते. प्रकाशकाला पत्र घातलं. उत्तर आलं, जमणार नाही. तरुणपणी कसल्याशा कागदावर सही केली होती, सगळे हक्क प्रकाशकाचे. म्हणजे स्वतःच्या हातानं लिहिलेलं पुस्तक बाईंना कुणाला देता येईना! नवंच लिहायचं, आणि त्यात जुन्यातलं एक वाक्य येता कामा नये. बरं, तोवर बाईंच्या पोटातला आजार उघडकीला आला होता. डॉक्टर वर्षांचं सोडून महिन्यांचं बोलत होते. “तेवढ्यात बसवायचं, मंगलताई,” म्हणाल्या.

मी चेष्टेनं म्हटलं, “तुमी फुकट वाटा, आन मी दुकानाला टाळं लावते.” तर म्हणतात कशा, “मोबाइलवर वाचून डोळे दुखायला लागले, की तुमच्याकडंच येतील सगळी. आणि तेव्हा तुम्हाला प्रती लपवाव्या लागणार नाहीत. पहिल्या पानावरच लिहिलेलं असेल, खुशाल काढा.”

लिहायला बसल्या आणि भलतंच संकट उभं राहिलं. वीस-पंचवीस वर्षं तेच पुस्तक शिकवलेलं. जुनी वाक्यं नकळत उतरायची, बाईंना पत्ताही लागायचा नाही. मला मात्र लागायचा. त्या पुस्तकाच्या इतक्या प्रती मी काढल्या होत्या, की अर्धंअधिक पाठ झालेलं. मग दुपारी दुकान थंड असलं की बाई यायच्या, नवं वाचून दाखवायच्या, मी जुनं पुस्तक मांडीवर घेऊन ऐकायची. मध्येच म्हणायची, “थांबा बाई. ह्ये आपलं न्हाय.” त्या कपाळावर हात मारायच्या आणि खोडायच्या. “काय दिवस आलेत बघा,” म्हणायच्या, “आपल्याच घरात चोरासारखं वावरतेय मी.” चित्रंसुद्धा नवी काढली. पहिल्यांदा छान रंगीत काढून आणली होती. मी मशीनवर टाकून दाखवली, हिरवं-तांबडं सगळं काळं! गरिबाचं पोर झेरॉक्सच नेणार ना? दुसऱ्या दिवशी ठिपक्यांनी आणि रेघांनी काढून आणली, आणि परत मशीनवर टाकून बघितल्याशिवाय हलल्या नाहीत.

सगळी प्रकरणं झाली, पानाचं तेवढं मागं राहिलं. त्यांच्या सगळ्यात आवडीचं ते, आणि म्हणूनच अडलं. दोन ओळी लिहिल्या की दोन्ही जुन्या निघायच्या. शेवटी शेवटी दुकानात येणं झेपेना, मग मीच त्यांच्या घरी जायची. शेवटची भेट मला लख्ख आठवते. उशाशी कागद, हातात पेन्सिल, मनगट काडीसारखं झालेलं. “सगळं जुनंच येतंय, मंगलताई...” मला बघवेना. म्हटलं, “राहू द्या की चार वाक्यं. कोण बसलंय पकडायला?” बाई अशा रागावल्या, की मला तो पहिला दिवस आठवला. म्हणाल्या, “एकानं जरी पकडलं, तरी आख्खं पुस्तक मागं घ्यावं लागेल. माझ्या एका वाक्यापायी पोरांचं पुस्तक जायचं?” मग दम लागला. मी पाय चेपत बसले. निघताना त्यांनी कागद उशीखाली सारले... पुढच्या आठवड्यात अश्विनीचा तो फोन.

पुस्तक मोकळं होतं, त्यामुळं राहिलेलं कुणीही पुरं करू शकत होतं. अश्विनीनं मनावर घेतलं. पंधरा दिवसांनी दुपारी दुकानात आली आणि बाईंच्या स्टुलावर बसून वाचायला लागली. मी जुनं पुस्तक मांडीवर घेतलं. पोरगी चांगलं लिहिते हो! सरळ, सोपं. आणि मध्येच पानाच्या सावलीवरचं एक वाक्य आलं... तो बाईंचाच आवाज होता. मांडीवरचं पुस्तक उघडायचीसुद्धा गरज नव्हती. मी गप्प बसले. पहिल्यांदाच गप्प बसले. मनात म्हटलं, एवढं एक राहू दे, देवा, नाहीतर या प्रकरणात बाई उरणार कुठं? अश्विनी चार ओळी पुढं गेली, सहा ओळी गेली. आणि अंथरुणावरून रागावलेल्या बाई डोळ्यांपुढून हलेनात.

“थांब, बाळा. ते सावलीचं खोड.”

“का? ते तर माझं आहे, मावशी. आपोआप सुचलं.”

“सुचलं न्हाय, तुला पाठ हाय. बारावीनंतरच्या सुट्टीत माझ्याकडनंच झेरॉक्स नेली होतीस.”

तिला उमगलं. पेन्सिल हातात घेतली, डोळ्यांतून पाणी टिपटिप कागदावर. “एकच तर आहे...” म्हणाली. मीही तेच म्हणत होते की मनात! पण तिला म्हटलं, “खोड.” तिनं खोडलं. दोघींनी मिळून तिथं दुसरं साधंसं वाक्य घातलं. अर्थ तोच आहे. गोडी नाही.

आता पुस्तक विद्यापीठाच्या साइटवर चढलंय. बाई म्हणाल्या होत्या तसंच झालं, मुलं मोबाइल घेऊन येतात आणि म्हणतात, मावशी, प्रिंट द्या. चिंचोळीच्या कारखान्यात पाळीनं काम करून शिकणारी एक मुलगी परवा येऊन गेली. उन्हातून घामाघूम होऊन आलेली. मशीन चालू केलं, तिला स्टुलावर बसवलं आणि खोडलेलं ते वाक्य म्हणून दाखवलं. ती म्हणाली, “मावशी, परत म्हणा ना.” मी परत म्हटलं.

तुम्हालाही सांगितलं असतं. पण हे छापून येणार, आणि छापायचा हक्क बाईंचाच नव्हता, तर माझा कुठला? दुपारी कधी भवानी पेठेत आलात, तर थांबा माझ्याकडं. तोंडानं म्हणायला कुणाची आडकाठी नाही.