मामेसासऱ्यांची हरकत

पुण्यात अशी एकही जाहीर सूचना निघाली नसेल, जिच्यावर माझ्या मामेसासऱ्यांनी हरकत नोंदवली नाही. शनिवार पेठेत, नदीच्या अंगाला त्यांचे घर. वर्तमानपत्र ते मागून वाचत. बारीक टायपातल्या सरकारी सूचना तिथे असत. पुढची पाने, त्यांच्या मते, "रिकामटेकड्यांसाठी." माझ्या लग्नपत्रिकेचा मसुदाही त्यांनी दुरुस्त्यांसह परत पाठवला होता, आणि त्या सर्व दुरुस्त्या योग्य होत्या, हे मला नम्रपणे मान्य केले पाहिजे.

त्यांची सर्वांत जुनी हरकत मात्र घराखालच्या पिठाच्या गिरणीवर होती. आवाजाच्या तक्रारी करून करून गिरणीवाल्यांशी बोलणे बंद झालेले. दळणाचा डबा घेऊन मामा त्या गिरणीसमोरूनच ताठ मानेने कसबा पेठेत जात.

पुढे संगणकाच्या कंपन्या आल्या, शहर श्रीमंत झाले आणि नदीकाठ नव्याने वसवायचे ठरले. नियमावलीच्या मसुद्यात तिथे 'मिश्र वापर' आला. "म्हणजे खाली दुकान, वर बिऱ्हाड!" मामा म्हणाले. "हे आता पेठेतल्या माणसाला शिकवणार?" पण खाली काय चालेल, त्या यादीत कॉफीची दुकाने होती, व्यायामशाळा होत्या, पिठाची गिरणी नव्हती. यादीत नाही ते बंद होणार होते.

"मामा, तुमची कटकट आपोआप गेली," मी आनंदाने म्हणालो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असे पाहिले, की तो आनंद मला आजही अवघडवतो.

"जावईबापू, कटकट माझी आहे. ती घालवायची की नाही, ते मी ठरवीन."

सुनावणीला मी सोबत होतो. अधिकारी चकित झाले. "काका, गिरणीविरुद्ध तक्रारी तर तुमच्याच आहेत!"

"आहेत ना. गिरणीच उठवलीत तर त्या कुणाविरुद्ध चालवू? आणि अहो, वर माणसं राहणार, ती पोळ्या कशाच्या करणार? कॉफीच्या?"

सभागृह हसले. अधिकारीही हसले, आणि त्यांनी काहीतरी टिपून घेतले. अंतिम नियमावलीत पिठाची गिरणी आली.

दुसऱ्या दिवशी मामा गव्हाचा डबा घेऊन जिना उतरले आणि तिथेच थांबले. गिरणीवाल्यांनी हात पुसले.

"जाड की बारीक?"

"बारीक. बारीक तुम्ही चांगलं दळता. इतकी वर्षं वरून ऐकतोय."

दळण होईपर्यंत दोघे म्हातारे बाकावर शेजारी बसले होते. बहुधा काय बोलावे, ते दोघांनाही सुचत नव्हते; किंवा बोलत असतील, आणि पट्ट्याच्या आवाजात मलाच ऐकू आले नसेल.