मेंबरबाईंच्या पत्रकातली गाळलेली ओळ

आमच्या वॉर्डाच्या मेंबरबाई निवडून आल्यावर पहिलं पत्रक छापायला माझ्या दुकानात आल्या, तेव्हा मी सवयीने वर ठळक अक्षरांत 'झालेली कामे' असं टाइप करून ठेवलं होतं. नगरसेवकाच्या पत्रकाची सुरुवात दुसरी कशी करणार? बाईंनी चष्मा सारखा केला, ते वाचलं आणि शांतपणे म्हणाल्या, "हे मागच्या बाजूला टाक, दिनेश. आधी न झालेली लिही. लोक तीच शोधतात."

डहाणूच्या बाजारात माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. मेंबरांची पत्रकं मी पुष्कळ छापली. त्यांत हात जोडलेला फोटो असतो आणि सगळीकडे आनंदीआनंद असतो. बाईंच्या पत्रकात फोटो नसे. वर्षाला तीन पत्रकं निघत: पावसाआधी गटारांचं, दिवाळीआधी दिव्यांचं आणि रस्त्यांचं, आणि चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेआधी पाण्याचं. प्रत्येकात पहिल्या बाजूला न झालेली कामं, आणि ती का झाली नाहीत याचं एका ओळीत कारण. एका कारणात तर त्यांनी 'मी विसरले' असं लिहिलं होतं. मी म्हटलं, बाई, असं कोणी लिहितं का? त्या म्हणाल्या, मग काय लिहू, विसरले तर.

मागच्या बाजूला 'हवंय' आणि 'मिळालं' असे दोन रकाने असत. वॉर्डात कोणाला काय लागतं ते पहिल्यात, कोणी काय दिलं ते दुसऱ्यात. घेणाऱ्याचं नाव कधीच नसे. मागणं मात्र नेमकं असे. 'प्रेशर कुकर एक, शिट्टीसह.' 'छत्र्या सात. मोडक्या नकोत, मोडक्या आपल्याकडे भरपूर आहेत.' एका चिकूवाडीवाल्या शेठने ताडपत्र्या दिल्या आणि आपलं नाव जरा मोठ्या अक्षरांत यावं असा निरोप पाठवला. बाईंनी उलट निरोप धाडला की ताडपत्रीला नाव लागत नाही, दोरी लागते, असेल तर तीही द्या. शेठने दोरी दिली. नाव आलं ते कुकर देणारीच्या खाली, तेवढ्याच अक्षरांत.

राजकारणात येण्याआधी बाई जवळच्या कासा गावात नर्स होत्या. त्यांच्या बोलण्यात दवाखाना कायम असे. पेशंटला एकदा खोटं सांगितलं की पुढच्या वेळी तो खरंही ऐकत नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य. मी ते इतक्यांदा ऐकलं होतं की त्या बोलू लागल्या की मी कीबोर्ड पुसायला घ्यायचो.

मग आमच्याकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले. डहाणू-तलासरीकडच्या माणसाला ते वेगळं सांगायला नको. आधी जमिनीतून गुडगुड येते, मग मांडणीवरची भांडी वाजतात, आणि मग आपण चपला न घालता बाहेर असतो. बाईंनी खिडकीत दोन स्टीलचे पेले एकमेकांवर उलटे ठेवले होते. वरचा पडला की त्या वहीत वेळ लिहीत आणि मग बाहेर येत. आमच्या घरी हेमा, माझी बायको, जेवतानाही पंख्याकडे बघायची. एके दिवशी तिने सांगून टाकलं की आता काही वेडंवाकडं कानावर आलं तर ती आर्वीला घेऊन वलसाडला आईकडे जाईल, आणि परत कधी येईल ते विचारायचं नाही. आर्वी आमची चार वर्षांची मुलगी, समाजमंदिरातल्या बालवाडीत जायची.

त्याच वर्षी दिवाळीच्या पत्रकाच्या कागदावर, सगळ्यात वर, बाईंनी लिहून आणलं होतं: 'समाजमंदिराच्या मागच्या भिंतीला तडा आहे. तो जुना की नवा, धोक्याचा की नाही, मला माहीत नाही. कळेपर्यंत मुलांना आत बसवू नका.' इंजिनियर बघून गेले होते, त्यांचं उत्तर यायचं होतं. कागद देऊन बाई गेल्या आणि मी त्या ओळींकडे बघत बसलो. हे हेमाच्या हातात पडलं की संध्याकाळच्या आत बॅग भरली जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी स्वतःला सांगितलं की उगाच वॉर्डभर घबराट होईल. भिंत इतके दिवस उभी आहे, तर आणखी थोडे दिवस राहील. आणि मी तो मजकूर गाळला. दिव्यांपासून सुरुवात केली आणि गठ्ठा बांधून पाठवून दिला.

पुढचे चार दिवस मी काय केलं, ते सांगायला आजही लाज वाटते. बाकीची पोरं त्या भिंतीखाली बसणार हे ठाऊक असताना मी आर्वीला मात्र खोकल्याचं निमित्त करून घरी ठेवली. तीन दिवस ठेवली. दुकानासमोरून ट्रक गेला तरी मी खुर्चीतून उठायचो. बालवाडीत जाऊन सांगावं असं रोज ठरवायचो, आणि रोज कोणाचा तरी अर्ज भरायला घ्यायचो. चौथ्या दिवशी हेमा म्हणाली की पोरगी ठणठणीत आहे, आणि मी दुकानात असताना ती तिला सोडून आली.

अकराच्या सुमाराला गुडगुड आली. काउंटरची काच थरथरली. मी शटर उघडं टाकून धावलो. बाजारातून समाजमंदिरापर्यंत मी काय काय कबूल केलं, कुठल्या देवाला काय बोललो, ते आठवत नाही. एवढंच डोक्यात होतं की ती ओळ मी गाळली आहे.

पोरं अंगणात होती. शेठच्या ताडपत्रीखाली गोल करून बसली होती आणि शेंगदाणे खात होती. बालवाडीच्या जयूबेन मला बघून म्हणाल्या, "काय नाय झाला, भाई. सोमवारपासून भायेरच बसवतो ना आमी."

सोमवारपासून, म्हणजे पत्रक वाटलं त्या दिवसापासून. हेमा माझ्या आधीच पोहोचली होती. तिच्या हातात पत्रक होतं, आणि त्याच्या वरच्या कोऱ्या जागेत निळ्या पेनाने, बाईंच्या अक्षरात, माझी गाळलेली ओळ लिहिलेली होती. ज्यांना वाचता येत नाही त्यांना बाई पत्रक वाचून दाखवत असत. पहिल्याच घरी त्यांना चूक कळली. मग ओट्यावर बसून त्यांनी सगळ्या पत्रकांवर ती हाताने लिहिली. माझ्या दुकानाकडे त्या फिरकल्याच नाहीत.

मी भिंतीकडे बघितलं. तडा तेवढाच होता. मला एकदम हायसं वाटलं, आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असावं, कारण मागून बाईंचा आवाज आला. "पडली नाही म्हणून तू बरोबर ठरत नाहीस, दिनेश."

त्याहून जास्त त्या कधीच बोलल्या नाहीत. पुढचं पत्रकही माझ्याकडेच आणलं. फक्त छापण्याआधी मला ते मोठ्याने, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचायला लावलं. त्यात पहिली ओळ होती, 'मागच्या पत्रकात भिंतीची ओळ छापायची राहिली. चूक माझी.' ती वाचताना मी 'चूक'पाशी येऊन थांबलो. बाई पुढच्या शब्दाची वाट बघत बसल्या.

हेमाला मी घरी सगळं सांगायला लागलो, तर तिला सगळं माहीतच होतं. आर्वीचा खोकला तीन दिवस फक्त मलाच ऐकू येत होता, असं ती म्हणाली. मी विचारलं, मग वलसाडला का गेली नाहीस? तिने ते पत्रक घडी करून मांडणीवर ठेवलं. मग म्हणाली, "जे माहीत नाही ते लिहून देणारं कोणीतरी इथे आहे. तिकडे कोण आहे?"

बाईंची मुदत संपली. गुडघे दुखायला लागले तशा त्या लेकीकडे नाशिकला गेल्या. एस.टी.त बसवायला मी गेलो होतो. खिडकीतून म्हणाल्या, भिंतीचं राहिलंच, इंजिनियरचं उत्तर काही आलं नाही. मी म्हटलं, बघतो मी. त्या म्हणाल्या, "नुसतं बघू नको. बघून लिही." गेल्या वर्षी त्या नाशिकलाच वारल्याचं कळलं. तडा तसाच आहे, आणि धक्के अजून येतात.

धक्का बसला की मी समाजमंदिराला जाऊन येतो आणि दुकानाच्या शटरवर एक कागद लावतो. 'भिंत आज बघितली. तडा तेवढाच दिसतो. आतून काय आहे, मला माहीत नाही. मुलांना अंगणात बसवा.' हेमा बाजारात निघाली की तिथे थांबते आणि तो कागद शेवटच्या शब्दापर्यंत वाचते. मग आत येऊन मला विचारते, "एवढंच ना? काही गाळलं नाही ना?"