खांदा सुटला तेव्हा

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा माझा उजवा हात शाळेच्या ऑफिसातल्या कपाटाच्या अगदी वरच्या कप्प्यात होता. दाखल्यांची जुनी फाइल काढत होते. डाव्या हातातल्या फोनवर महेश, माझा पुतण्या, एवढंच म्हणाला, "काकी, आई गेली... पहाटे, झोपेतच." मी "बरं, निघते" म्हटलं. फोन ठेवला, फाइल काढली, तिची धूळ झटकली आणि ती नीट टेबलावर ठेवली. मग लक्षात आलं, चार वर्षांपूर्वी हा हात खांद्याच्या वर जात नव्हता. ज्या बाईमुळे तो वर जायला लागला, तीच आता नाही. मी तिथेच खुर्चीत बसून रडले. त्याला आता पाच आठवडे होतील.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, सुलोचना. पावसच्या वरच्या अंगाला, कातळापलीकडे आमची सतरा घरांची वाडी आहे. थोरले दीर मुंबईत नोकरीला असायचे आणि निवृत्तीआधीच गेले. भातशेती, गुरं, आंब्याची चार कलमं आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, सगळं वहिनींनी एकटीनं निभावलं. मी रत्नागिरीत शाळेत क्लार्क, आणि आमचे हे पोफळीच्या वीजघरात, म्हणजे शनिवार-रविवारचे पाहुणे. सणाला मी बिस्किटांचे पुडे घेऊन गावी जायची, दोन दिवस पदर खोचून राबायची आणि सोमवारी ड्युटी आहे म्हणून निघायची. वहिनी कधी वाकडं बोलल्या नाहीत. एकदाच भांडी घासता घासता म्हणाल्या, "तुजा बरा हाय गो. तुज्या हाताला शाई, माज्या हाताला शेण." हसत म्हणाल्या, पण मला ते लागलं, कारण खरं होतं. पंचवीस वर्षं आम्ही एकमेकींशी अगदी नीट वागलो, इतकं नीट की कधी धड भांडलोसुद्धा नाही.

खांद्याचं दुखणं सुरू झालं तेव्हा मी ते आधी अंगावर काढलं. मग कोणीतरी सांगितलं म्हणून हात ओढणीच्या झोळीत घालून दीड महिना नुसता सांभाळला, आणि तिथेच चुकले. खांदा लाकडासारखा झाला. ब्लाउजची हुकं लागेनात, त्या कुशीवर निजता येईना, वेणी घालायला हात मागे जाईना. डॉक्टर म्हणाले, हा फ्रोझन शोल्डर. तुम्हाला साखर आहे, अशांना हे जास्त होतं. सांध्याभोवतीचं आवरण सुजून आकसतं. आधी दुखतं, मग आखडतं आणि मग हळूहळू सुटतं, पण त्याला वर्ष लागेल, दीडही लागेल. सांध्यात एक इंजेक्शन देता येईल, दुखणं कमी होईल, चार दिवस साखर वाढेल तेवढी बघायची. अगदीच हटला नाही तर भूल देऊन मोकळा करायचा, पण ते शेवटचं. मुख्य औषध म्हणजे रोजचा व्यायाम. तोही बेतानं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत नाही. मी इंजेक्शन घेतलं. दुखणं निम्म्यावर आलं, पण हात होता तिथेच. माझे केस कमरेपर्यंत. ते तसेच गुंडाळून ऑफिसला जायची मला लाज वाटायची. शनिवारी हे वेणी घालायला बसायचे आणि तासाभरानं काथ्याच्या दोरासारखं काहीतरी हातात यायचं. शेवटी मी ह्यांना फोनवर म्हटलं, मी केस कापून टाकते.

ह्यांनी ते गावी सांगितलं असणार. दोनच दिवसांनी सकाळच्या गाडीनं वहिनी दारात हजर, काखेत कापडी पिशवी. भात झोडून झालं होतं आणि सून सायली घर सांभाळायला होती. चपला काढायच्या आधी म्हणाल्या, "केस कापायचा बोलू नको. मी आलीय ना." आठ दिवसांसाठी आल्या होत्या. राहिल्या सहा महिने, मध्ये एखादा शनिवार-रविवार गावी जाऊन येत.

रोज सकाळी मी पाटावर बसायची आणि वहिनी मागे स्टुलावर. फणीनं आधी टोकाकडचा गुंता सोडवायच्या, मग वर यायच्या. खोबरेलाचा हात डोक्यावरून फिरायचा तेव्हा मी ऑफिस, साखर, खांदा सगळं विसरायची. माझी आई मी लहान असतानाच गेली. असं कोणी मागे बसून आपले केस विंचरतंय, हे मला त्याआधी आठवतच नव्हतं. वेणी झाली की व्यायाम. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं सांगितलं होतं, वाकून हात सैल सोडायचा आणि लंबकासारखा झुलवायचा, मग भिंतीवर बोटांनी वर चढायचं, मग दाराला अडकवलेल्या दोरी-कप्पीनं दुखरा हात उचलायचा. प्रत्येक प्रकार पंधरा-वीस वेळा. वहिनींना आकडे मोजायचा कंटाळा. त्या आमच्या वाडीतली घरं मोजायच्या! वरच्या अंगापासून पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या काठापर्यंत, एका झोक्याला एक घर. सतरा घरं झाली की एक प्रकार संपला. पण नुसतं घर सांगून त्यांचं भागायचं नाही. चौथ्या घरातल्या म्हातारीचं सुनेशी पटत नाही, नवव्या घरातला मुलगा मुंबईहून येताना कुत्रा घेऊन आला... आणि माझी बोटं भिंतीवर टेकून तिथेच. "वहिनी, अहो माझा हात वर आहे!" म्हटलं की म्हणायच्या, "ऱ्हऊंदे. त्याला पन ऐकू दे." लग्न होऊन पंचवीस वर्षं झाली होती, पण सासरची वाडी मला त्या भिंतीपाशी उभं राहून पहिल्यांदा कळली.

शिमगा झाला आणि हात कानापर्यंत पोचला, मग मानेपर्यंत. एकदा आंघोळ करताना दोन्ही हात डोक्यामागे सहज एकमेकांना भेटले. मी न्हाणीघरातच तीन पेडांची वेणी घातली, हातानं चाचपली आणि सोडून टाकली. बाहेर येऊन पाटावर बसले. वहिनींना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या गावी गेल्या असत्या. पन्नाशी उलटलेली बाई मी, शाळेत मुलांच्या खोट्या सह्या पकडणारी, आणि घरात तीन आठवडे रोज सकाळी "आई गं" करून खोटं कण्हत होते.

मला उघडं पाडलं त्या फिजिओथेरपीवाल्या मुलीनं. हात मागे वळवून बघितला आणि आनंदानं ओरडली, "मावशी, आता तर वेणी घालता येत असेल की!" वहिनी बाकावर बसल्या होत्या. रिक्षात बसल्यावर बाहेर बघत विचारलं, "कधीपास्नं?"

"तीन आठवडे झाले."

"मग सांगायचा नाय?"

"विसरले," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी पाटावर बसावं की नाही, मला कळेना. वहिनीच फणी घेऊन आल्या. नेहमीपेक्षा जास्त वेळ विंचरत बसल्या, वेणी घातली आणि पिशवी भरायला घेतली. पेरणी तोंडावर आली होती, ते खरंच होतं. मला त्यांना म्हणायचं होतं, राहा अजून चार दिवस, हात बरा झाला म्हणून काय झालं! मी म्हटलं, "वहिनी, पिशवीत खोबरेलाची बाटली ठेवलीय."

पुढे दोन वर्षांनी त्यांचाच खांदा आखडला. साखर त्यांनाही होती. पण त्यांनी कोणाला सांगितलं नाही, शेजारच्या गावातल्या एका मालिशवाल्याकडून हात ओढून घेतला आणि दुखणं दुप्पट करून घेतलं. सायलीनं गुपचूप मला फोन केला. मी त्यांना रत्नागिरीला डॉक्टरांकडे नेलं. सुई म्हटल्यावर वहिनी सरळ उठून उभ्या राहिल्या. डॉक्टर हसले, म्हणाले, नको तर नको, व्यायामानंही सुटेल, जरा सावकाश. घरी राहा म्हटलं तर गुरं कोणाच्या भरवशावर सोडू, म्हणाल्या. मग मीच दर रविवारी सातच्या पावस गाडीनं जायला लागले. आठवडाभर सायली त्यांची वेणी घालायची, रविवार माझा. त्या पडवीत पाय पसरून बसायच्या आणि मी त्यांचे पातळ झालेले, पांढरे केस विंचरायची. मग भिंत, मग सतरा घरं. आता मोजणारी मी. माझं अकरावं आणि बारावं घर कायम उलटसुलट व्हायचं आणि त्या कावायच्या, "अगो, पोस्टमनचा घर आधी!" मी मुद्दाम चुकते हे त्यांना कधी कळलं की नाही, कोण जाणे.

तसं वर्ष गेलं, वर पाच-सहा महिने. हात वर जायला लागला होता, पण मागे जात नाही म्हणायच्या. डॉक्टरांकडे पुन्हा चला म्हटलं की विषय बदलायच्या. शेवटच्या रविवारी कुळथाची पिठी केली होती. मी वेणीला गाठ मारली तर म्हणाल्या, "आज घाई केलीस." गाडी चुकेल म्हणून मी केली होती घाई... पुढचा रविवार आलाच नाही.

बाराव्याला सगळे पांगल्यावर सायली पडवीत माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "काकी, एक सांगू? रागावू नका. आईंचा हात दिवाळीपास्नं पार बरा होता. सोताची वेणी सोता घालायच्या. रविवारी मात्र आंघोळ झाली की घातलेली वेणी सोडायच्या, केस जरा विस्कटायच्या आणि तुमच्या गाडीच्या टायमाला इथं येऊन बसायच्या. मी एकदा म्हटलं, काकी उगाच हेलपाटा घालतात, त्यांना सांगा ना. तर म्हणाल्या, गप गो. तिला कळला तर ती यायची नाय."

अजून रविवारी सातच्या गाडीच्या वेळेला मी आवरून तयार असते. मी आले असते हो वहिनी, हात बरा झाल्यावरही आले असते. पण हे तुम्हाला खात्रीनं वाटावं, असं मी इतक्या वर्षांत केलं तरी काय होतं?