शब्द सोलणारी क्रेसिंग

फिलिपिन्समधल्या आमच्या सिकिहोर बेटावर माझ्यासारखी होडी बांधणारा दुसरा नाही. हे मी म्हणत नाही, समुद्र म्हणतो. माझी एकही होडी त्यानं अजून गिळलेली नाही. शाळा म्हणाल तर चौथी. पण माझी धाकटी बहीण क्रेसिंग पलीकडच्या दुमागेते शहरात नर्सिंगच्या कॉलेजात होती, आणि तिला तिथं पाठवणारा मी, एलेउतेरियो.

दर शनिवारी ती बोटीनं घरी यायची. एकदा येताना कागदाची भली मोठी यादी घेऊन आली.

"मानोय," ती म्हणाली. थोरल्या भावाला आम्ही मानोय म्हणतो. "डॉक्टरी शब्द पाठ करायचे नसतात. ते जुने लॅटिन तुकडे जोडून केलेले असतात. सोलायचे नुसते."

"सोल बघू. हा घे, सब-क्यु-टे... अरे देवा!"

"सबक्युटेनियस. सब म्हणजे खाली, क्युटिस म्हणजे कातडी. कातडीखाली टोचायचं ते."

"आणि हा इंटरकोस्टल?"

"इंटर म्हणजे मधे. कोस्टा म्हणजे बरगडी. दोन बरगड्यांमधलं."

मी उडालोच. होडीला तरी दुसरं काय असतं! तळाचं लाकूड, बरगड्या, बाजूचे दांडे. सांधा कळला की अख्खी होडी कळली. मग काय, दर शनिवारी ती माझ्या अर्ध्या होडीत लाकडाच्या भुशावर बसायची आणि मी अडखळत शब्द वाचायचो. "मानोय, करवत नको लावू त्याला, सांध्यावर सोड की!" म्हणून हसायची. परीक्षेत वर्गात पहिली आली. मासळीबाजारात ज्यांनी विचारलंही नव्हतं अशा बायकांनाही मी ते सांगितलं.

आमचे ताताय, म्हणजे वडील, गावाचे वैदू. मुळ्या उकळून द्यायचे, पण खरं काम शब्दांचं. आजोबा तरुणपणी स्पॅनिश पाद्र्यांकडे नोकर होते. त्यांनी तिथून एक वही आणली होती, लॅटिनमधली. त्यातली ओळ ताताय रोग्याच्या टाळूवर पुटपुटायचे, फुंकर मारायचे. अर्थ त्यांना ठाऊक नव्हता आणि नसायलाच हवा होता. आमच्याकडे असंच आहे, शब्द कुणी उलगडून सांगितला की तो मेला. दुसऱ्यानं मोठ्यानं उच्चारायचाही नाही. चाळीस वर्षं गाव त्या फुंकरीवर उठत होतं.

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या शनिवारी सगळे वैदू आमच्या अंगणात जमून मोठ्या कढईत औषध शिजवतात. त्या वर्षी ताताय शेवटची मुळी आणायला डोंगरावर गेले होते. आम्ही साली चिरत बसलो होतो. माझं तोंड चालूच होतं.

"जगातला कुठलाही लॅटिन शब्द आणा, माझी बहीण सोलून देईल."

दोरोतेयो म्हणून एक वैदू आहे, तातायचा जुना स्पर्धक. तो म्हणाला, "हिला साधा कसाव्याचा कंद तरी सोलता येतो का? बघ, सुरी कशी धरलीय."

मदतीला आलेल्या बाया हसल्या. मला झोंबलं.

"क्रेसिंग, तातायची ओळ सांग ह्याला."

"मानोय, नको."

"अगं, घराच्या नाकाचा प्रश्न आहे!"

"नको म्हणते ना. ताताय आले म्हणजे?"

लहानपणापासून ऐकलेली ओळ. मीच म्हटली, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. क्लाविस सुब लिमिने. पोर्ता पोस्तेरियोर. इन्त्रा, क्लाउदे.

"हं. सुरू कर."

ती माझ्याकडे बघत होती. मग हळूहळू बोलायला लागली. "गळ्याखालच्या आडव्या हाडाला क्लॅव्हिकल म्हणतात, म्हणजे छोटी किल्ली. तेव्हा क्लाविस ही किल्ली. सुब, खाली. लिमिने... मनाच्या आजारांच्या तासाला आलं होतं, उंबरा." आता तिलाही चव लागली होती, डोळे चमकत होते. "यकृतात रक्त शिरतं ते पोर्ता, दार. पोस्तेरियोर, मागचं. इन्त्रा, आत. क्लाउदे, बंद कर, नळी बंद होते त्या ऑक्लुजनमधलाच..."

आणि ती थांबली.

"पुरं कर," दोरोतेयो म्हणाला.

"किल्ली उंबऱ्याखाली आहे," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "मागच्या दारानं आत ये. बंद कर."

कुठल्या तरी पाद्र्यानं नोकरासाठी लिहिलेली चिठ्ठी. दोरोतेयो एकटाच हसला. बाकीच्यांच्या सुऱ्या थांबल्या.

ताताय टोपली घेऊन आले तेव्हा त्यानंच सांगितलं, "तुझ्या पोरीनं तुझा शब्द फोडला बघ."

ताताय तिच्यासमोर उभे राहिले. "तू सांगितलंस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी कढई ढवळत होतो.

"हो, ताताय."

त्यांनी टोपली ठेवली आणि हात धुतले. बस, एवढंच.

पुढच्या आठवड्यात शेजारची सालोमे मावशी डोकं धरून आली. तातायनी तिच्या टाळूवर हात ठेवला, तोंड उघडलं आणि तसेच राहिले. "मला आता दार आणि किल्लीच दिसते गं," म्हणाले. "तू दवाखान्यात जा." त्यानंतर त्यांनी कुणाच्याही डोक्यावर हात ठेवला नाही.

क्रेसिंगवर ते ओरडले नाहीत. ती यायची, नमस्काराला त्यांचा हात कपाळाला लावायची, ते लावू द्यायचे. पण हाक नाही, चौकशी नाही. तिला ती हाक परत हवी होती. तिनं वही मागितली, म्हणाली, एक तरी ओळ खरी निघेल. "आता काय, घे," ते म्हणाले. कॉलेजचा अभ्यास बाजूला ठेवून महिनेच्या महिने ती पानं सोलत बसली. वेदीची फडकी तीन. मेणबत्त्या. स्वयंपाकघरासाठी बोकड एक. बरं करणारा शब्दच नाही कुठं.

एका शनिवारी ती म्हणाली, "ताताय, सापडलं! हे बघा, सानो. बरं करणं."

त्यांनी वहीकडे नाही, तिच्याकडे पाहिलं. "तुझे कान लाल झालेत, पोरी. खोटं बोललीस की होतात."

मी तिथंच होतो. एक वाक्य होतं माझ्याकडे. 'मीच लावलं तिला.' अंगणातल्या त्या दिवसानंतर दोन वर्षांत मी तीन होड्या बांधल्या, पण ते वाक्य काही माझ्याच्यानं झालं नाही. अंगणातल्या कुणीही माझं नाव तातायच्या कानावर घातलं नव्हतं; वैदूचा थोरला मुलगा मी, सगळं गाव मला मानतं.

ताताय अंथरुणाला खिळले तेव्हा क्रेसिंग नर्स होऊन आली होती. तिनंच त्यांना न्हाऊ घातलं, पाठीला फोड येऊ दिला नाही. एके दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं.

"पोरीनं असं का केलं रे?"

आता सांगायचं, असं मी ठरवलं. आणि तोंडातून निघालं, "लहान होती, ताताय. शिकली होती ना, मिरवलं."

दारात पेजेची वाटी घेऊन ती उभी होती. ती आत आली, खाली बसली आणि त्यांना चमच्यानं भरवायला लागली.

तिसऱ्या दिवशी ते गेले.

नऊ दिवसांची प्रार्थना संपल्यावर मी तिला धक्क्यावर पोचवायला गेलो. तिची पिशवी माझ्या हातात होती, ती सोडवेना.

"तू माझं नाव का नाही घेतलंस?" मी विचारलं.

"कधी?"

"कधीही."

तिनं पिशवी घेतली. "मी नसायचे आठवडाभर, मानोय. तू घरात होतास. म्हातारपणी त्यांना बोलायला एक तरी लेकरू नको का?"

ती बोटीत चढली. धक्क्यावर माझ्या बाजूच्या बाईनं विचारलं, "ती नर्स कोण हो तुमची?"

मासळीबाजारात न विचारता सांगत फिरलेला मी, मान खाली घालून घराकडे निघालो.