माशांच्या खाद्यातला कोळसा

आग्नेय ऑस्ट्रेलियातल्या लाट्रोब खोऱ्यातली कोळशाची खाण बंद झाली, त्या वर्षी ग्लेनिसचा नवरा डेस पश्चिम ऑस्ट्रेलियात लोखंडाच्या खाणीवर यंत्र चालवायला गेला. "दोन वर्षं काढतो आणि येतो," म्हणाला होता. पाचवं वर्ष लागलं तरी तो नाताळापुरताच येई, आणि यायचा तोही पाहुण्यासारखा. कप कुठल्या कपाटात ठेवतेस म्हणून विचारायचा. मागे राहिली डोंगरउतारावरची, गार पाण्यात वाढणाऱ्या ट्राउट माशांची चार तळी आणि ग्लेनिस. भांडण असं काही नव्हतंच. असतं तर मिटवता तरी आलं असतं.

बाई हट्टी. ओढ्याच्या जाळीत अडकलेला पाला उपसण्यापासून मासे आकारानुसार निवडण्यापर्यंत सगळं एकटीनं रेटायची. पण त्या फेब्रुवारीत, तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, ओढा बारीक झाला, पाणी तापलं आणि मासे खाईनात. निवडायला जाळ्यात धरले की दुसऱ्या दिवशी पोट वर करून तरंगायचे.

माशांची डॉक्टर टॅमसिन येऊन बघून गेली. म्हणाली, "पुढच्या उन्हाळ्याआधी खाद्यात ह्युमिक नावाची भुकटी मिसळून बघा. आपल्याच खोऱ्यातल्या तपकिरी कोळशापासून काढतात. पोट नीट राहतं, हाताळणीचा धसका कमी बसतो, आजारातही जरा तग धरतात."

"अगं, माझ्या नवऱ्यानं पंचवीस वर्षं नाकातोंडानं कोळसा खाल्ला. त्याचं पोट काही सुधारलं नाही."

"तो धूळ खात होता. हे मोजून द्यायचं," टॅमसिन हसली. "पण जादू समजू नका हां. तापलेलं पाणी यानं गार होत नाही."

नोव्हेंबरात ग्लेनिसनं पोतं फोडलं. दोन तळ्यांना ह्युमिक द्यायचं, दोन तशीच ठेवायची, असं ठरलं होतं. काँक्रीटच्या मिक्सरमध्ये खाद्याच्या गोळ्या टाकल्या, काळी भुकटी पाण्यात कालवून वर ओतली, आणि वास आला. ओल्या, जुन्या मातीचा. दर सोमवारी डेसचे कामाचे शर्ट भिजत घातले की टबातून असाच वास यायचा. ती बादली पालथी घालून तिच्यावर बसली. मिक्सर फिरत राहिला, निम्म्या गोळ्यांचा भुगा झाला तरी तिला उठवेना.

फेब्रुवारी पुन्हा तसाच तापला. साध्या तळ्यांतले मासे तळाशी दडून बसले. ह्युमिकवाले मात्र सकाळी खाद्याला वर येत राहिले. मेले तेही, पण निम्म्यानं कमी. "दोन तळ्यांवरून शपथेवर सांगता येत नाही, पण चालू ठेवा," टॅमसिन म्हणाली.

रविवारी डेसचा फोन आला.

"माशांना कोळसा चारतेस म्हणे?"

"आवडीनं खातात."

"ओला केला की हाताला कसा लागतो? साबणासारखा?"

"तसाच."

"मग खाणीतल्या आमच्या बाजूचा असेल." आणि डेस सुटलाच. कोळशाचे थर, त्यात सापडलेले अख्खे बुंधे, पावसात चाकाखाली होणारा चिखल. पाच वर्षांत तो इतकं बोलला नव्हता. तिनं मध्येच म्हटलं, "डेस, परत ये ना."

"येऊन काय करू? खाण तर पाण्यानं भरून टाकणार आहेत."

"मासे आहेत की."

"बघतो," तो म्हणाला. त्याचा 'बघतो' तिला ठाऊक होता.

ईस्टरला मात्र तो अकरा दिवस राहिला. रोज सकाळी खाद्य त्यानंच कालवलं, हातमोजे न घालता. आता चारही तळ्यांना ह्युमिक द्यायचं ठरवलं होतं. पोती त्यानंच शेडमध्ये रचून ठेवली. राहतो, असं काही तो म्हणाला नाही.

निघायच्या दिवशी तो जॅमच्या रिकाम्या बाटलीत मूठभर काळी भुकटी भरताना तिला दिसला.

"झाकण घट्ट लाव," म्हणाली, "बॅगेत सांडेल."