रेड्यानं माझ्याकडंच बघावं

सन दोन हजार तेवीस. मला अडुसष्टावं लागलं होतं, आणि त्या वयात मला एक नवं काम मिळालं. काम होतं मार खायचं.

हसणाऱ्यानं हसावं. मी तिसरीतून शाळा सोडली ती मास्तरच्या मर्जीनं न्हाई, माझ्या मर्जीनं. त्यामुळं माझ्यावर कोण हसतं याचा हिशेब मी कधी ठेवला न्हाई. लेक पुण्याला दिलेली आहे. तिनं मला एक टॅब पाठवला आणि त्यात एक खेळ टाकून दिला. म्हणली, "अण्णा, संध्याकाळी तुम्ही बदनापूरला बसा, आम्ही इकडं बसतो, सगळे मिळून खेळू." मी म्हणलो, खेळ लेकराबाळांचे. ती म्हणली, "तुम्हाला जमणार न्हाई म्हणून न्हाई म्हणता." लेक माझीच. कुठं बोट ठेवायचं ते तिला बराबर माहीत.

खेळ असा, की चौघांनी मिळून गुहेत शिरायचं. आत राक्षस. एकट्यानं तो मरत न्हाई. चौघांत एकाजवळ ढाल असते, त्याला टँक म्हणतात. राक्षसाला मारणं हे टँकचं काम न्हाई. राक्षसानं दुसऱ्या कुणाकडं बघू नये, हे त्याचं काम. राक्षसाला ज्याचा राग जास्त, त्याच्यावर तो धावतो. जो लै मारतो त्याच्यावर राग वाढतो. औषध देणारीनं एकदम लै औषध दिलं तर तिच्यावर वाढतो. म्हणून टँकनं आधी एकट्यानं पुढं जायचं, रट्टे हाणायचे, डिवचायचं बटण दाबायचं, सगळा राग आपल्या अंगावर गोळा करायचा आणि राक्षसाचं तोंड भिंतीकडं फिरवायचं. मंग बाकीच्यांनी मागून झोडपायचं. राक्षस मेला की नाव झोडपणाऱ्याचं होतं. टँकचं नाव निघतं ते फक्त राक्षस निसटल्यावर.

मला हे काम एकदम पटलं. वाटूरच्या बाजूला आमचं मूळ गाव, तिथं मारक्या बैलाला वेसण घालायची असली की पुढं उभं राहायला मला बोलवायचे. दोर टाकणारे मागं. आपण बैलाच्या डोळ्यात डोळा ठेवायचा, हातातला पटका हलवत राहायचा, तो अंगावर आला तरी मागं सरकायचं न्हाई. बैलानं मान वळवून दोरवाल्याकडं बघितलं की खेळ खलास. माझ्यापुढं बैलानं कधी मान वळवली न्हाई. टॅबवरचा राक्षस मात्र पहिल्या पहिल्यांदा माझ्याकडं ढुंकून बघत नव्हता, कारण मी भिंतीलाच ढाल मारत बसायचो. ते पण शिकलो.

चौघं म्हणजे मी, लेक, जावई आणि जावयाची बहीण. लेक औषध देणारी. जावई धनुष्यवाला. त्यांची बहीण नाशकाला असते, ती जादूनं आग टाकायची. ज्याच्या त्याच्या घरी ज्यानं त्यानं बसायचं, कानात हेडफोन घालायचा, एकमेकाचं बोलणं ऐकू येतं.

खरं सांगायचं तर मला राक्षसाचं काही पडलं नव्हतं. आधी लेकीचा फोन यायचा, "जेवलात का, गोळी घेतली का, बरं ठेवते." एवढंच. खेळ सुरू झाल्यापासून ती रोज संध्याकाळी तास-तास माझ्या कानात. "अण्णा, डावीकडं सरका. अण्णा, मी आहे मागं, भिऊ नका." मधेच ऑफिसातलं काहीबाही सांगायची, मधेच हसायची. सासरी गेल्यापासून तिचं हसणं मी एवढं कधी ऐकलं नव्हतं. माझी ढाल म्हणजे ते होतं.

आणि ती ढालच जायची पाळी आली.

शेवटच्या गुहेत एक दगडाचा रेडा होता. शिंगं पेटलेली, समोर येईल त्याच्यावर जाळ ओकणारा. आम्ही रोज आत जायचो आणि रोज मरून बाहेर यायचो. कारण सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणीच नव्हतं. मी पुढं जाऊन पहिला रट्टा घालतो न घालतो, तोच मागून जावयाचे बाण सुरू. सटासट. माणूस सोन्यासारखा, पण घाई लै. रेड्याचा राग माझ्यावर जमायच्या आधीच त्यांच्यावर जमायचा. रेडा गर्रकन वळायचा, जावई भाजून निघायचे, त्यांना वाचवायला लेक औषधाचा मारा करायची, मंग रेडा तिच्यावर.

"काका, रेडा परत दादाकडं गेला!" नाशिकवाली ओरडायची.

"दिसून राह्यलं मला," मी म्हणायचो.

"मग धरा ना त्याला!"

"धरून राह्यलो!"

पण धरणार कसा? त्यांना थांबा म्हणायला पाहिजे होतं, आणि जावयाला थांबा म्हणायचं आमच्यात न्हाई. जावयाला या म्हणतात, बसा म्हणतात, घ्या म्हणतात. थांबा, नका, चुकलात, हे शब्द सासऱ्याच्या तोंडात शोभत न्हाईत. माझा सासरा मला उभ्या जन्मात एक शब्द वाकडा बोलला न्हाई, आणि बोलण्यासारखं मी काही कमी केलं नव्हतं.

लेक एकटी असताना म्हणली, "अण्णा, तुम्ही सांगा ना त्यांना. पुढं तुम्ही असता, तुमचं ऐकतील."

"मी? जावयाला? तूच सांग."

"मी सांगितलं की भांडण होतं. म्हणतात, तू औषधाकडं बघ."

"मंग राहू दे."

"मग मरू रोज," ती म्हणली.

शेवटी नाशिकवालीनंच तोंड उघडलं. "काका, रागावू नका हां. माझ्या ओळखीचा एक टँक आहे, एकदम पक्का. पुढच्या रविवारी रेडा पडला नाही तर एकदा त्याला घेऊन बघू. तुम्ही तोवर आराम करा."

आराम करा! चौघांतला चौथा तो आला की मी पाचवा. आणि पाचव्याला गुहेत जागा न्हाई. मी म्हणलो, "बघू." जावई म्हणले, "मामांना काय म्हणतेस, मामा चांगले खेळतात." चांगलं बोलले. पण त्यांचे बाण काही थांबले न्हाईत.

त्यात धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलवून धोंड्याचं जेवण घालायचं, जावयाला अनारशाचं वाण द्यायचं, ही रीत. आमच्या घरच्यांनी, म्हणजे लेकीच्या आईनं, तोच रविवार धरला. मला बजावलं, "जावई देवाच्या जागी असतात या महिन्यात. त्या टॅबवरून काही तोंड उघडलं तर बघा."

"मी कधी तोंड उघडलं?"

"मला उघडून दाखवता की रोज," त्या म्हणल्या.

रविवारी पाव्हणं आले. पुण्याहून पहाटेच निघालेले, रस्त्यात कुठं थांबले न्हाईत. जावयाची घाई, थांबतील कशाला. पाय धुतले, कुंकू लावलं, पाट मांडला. ताटात पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, आमटी, भजी, कुरडया. मी पाटाजवळ उभाच होतो, तेवढ्यात दारात दूधवाला आला. त्याच्या म्हशीचं काहीतरी दुखणं होतं, तो सांगत बसला आणि मी ऐकत बसलो.

आतून आवाज आला, "आवं, पाव्हणं ताटावर बसलेत!"

आत गेलो तर काय. जावई हात मांडीवर ठेवून बसलेले. समोर तूप थिजून राह्यलेलं. डोळे धोंड्यावर, हात जागच्या जागी. लेक म्हणून राह्यली, "घ्या ना हो, अण्णांना वेळ लागेल." जावई म्हणले, "मामांना होऊ द्या म्हणू दे, मग."

सकाळपासून उपाशी माणूस. माझ्या एका शब्दासाठी घास अडवून बसलेला.

मी म्हणलो, "होऊ द्या, सावकाश."

सावकाश कुठलं! शब्द पडला तसा पहिला धोंडा गायब. मी समोर बसून बघत राह्यलो आणि मला आतून हसू फुटलं. या माणसाला घाई आहे म्हणून मी इतके दिवस कुढून राह्यलो, आणि हा तर यजमानाच्या शब्दाविना ताटाला बोट लावत न्हाई. त्यांना थांबायला सांगायचं न्हाईच, माझ्या ध्यानात आलं. फक्त घ्या म्हणायचं बाकी ठेवायचं.

"काय झालं हसायला?" आमच्या घरच्यांनी डोळे वटारले.

"काही न्हाई. भजी वाढा त्यांना."

चार वाजता बसलो. जावई दिवाणावर लोडाला टेकून, लेक खाली सतरंजीवर, मी खुर्चीत. नाशिकवाली कानात. गुहेच्या तोंडाशी उभं राह्यल्यावर मी म्हणलो, "जावईबापू, एक विनंती. आज या गुहेत पाव्हणं तुम्ही आणि वाढपी मी. सगळ्यांच्या पानात पडलं की मी घ्या म्हणतो."

लेकीनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. जावई मोठ्यानं हसले. "बरं मामा. तुम्ही म्हटल्याशिवाय हात लावत नाही."

"हे काय चाललंय?" नाशिकवाली म्हणली. "मला कुणी जेवायला बोलावलं नाही आणि वर पंगत?"

"बसा तुम्ही पण," मी म्हणलो, आणि आत गेलो.

रेडा उठला. मी एकटा पुढं. पहिला रट्टा. डिवचायचं बटण. दुसरा रट्टा. मागं बिलकुल आवाज न्हाई. एवढं शांत त्या गुहेत कधी झालंच नव्हतं, मलाच भ्या वाटलं की सगळे निघून गेले का काय. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिवाणावर बघितलं, तर जावयाचा अंगठा काचेच्या वर अधांतरी, ओठ दाताखाली धरलेला. रेड्याचं तोंड मी भिंतीकडं फिरवलं. जाळ भिंतीवर पडला. त्याचा राग अंगावर पुरता बसू दिला आणि म्हणलो, "होऊ द्या!"

मागून असा पाऊस पडला बाणांचा की रेड्याचं अर्धं अंग तिथंच ढासळलं. आणि त्यानं मान वळवली न्हाई. त्याचे डोळे माझ्यावर.

"अण्णा, मी आहे मागं," लेक म्हणली, आणि या वेळी आवाज कानातून न्हाई, पायाशी बसून आला.

पण रेड्याची एक खोड आहे. अर्धा पडला की तो एक हंबरडा फोडतो आणि सगळा राग विसरतो. परत पहिल्यापासून. त्या क्षणाला जो पहिला मारेल, त्याच्यावर तो धावणार. आम्ही एवढ्या लांब याआधी कधी आलोच नव्हतो. नाशिकवालीनं ऐकीव माहितीवर आधी सांगितलं होतं, पण लढायच्या नादात माझ्या डोक्यातून गेल्तं. हंबरडा ऐकला आणि ते आठवलं. आता थांबा म्हणावं तर तोंडातून शब्द निघेना, आणि दुसरा शब्द सुचेना.

तेवढ्यात दिवाणावरून आवाज आला, "ताट रिकामं झालं. वाढा मामा."

बघतो तर जावयानं अंगठा स्वतःहून उचललेला.

मी वाढलं. असं वाढलं की ढालीच्या कपच्या उडाल्या. जाळ एकदा अंगावरून गेला, लेकीनं वेळेवर औषध दिलं, थोडं थोडं, हात राखून, राग तिच्यावर जाऊ न देता. रेडा माझ्याकडं वळला, मी त्याला परत भिंतीला लावला आणि म्हणलो, "घ्या, आता पोटभर घ्या!"

रेडा पडला तेव्हा जावई दिवाणावर उभे राह्यले. लेक टाळ्या पिटून राह्यली. नाशिकवाली कानात एवढी ओरडली की मी कानातलं काढूनच टाकलं. परत घातलं तेव्हा ती म्हणत होती, "काका, त्या टँकला मी नको म्हणून कळवते."

"कळव," मी म्हणलो. "आणि आजच कळव."

आमच्या घरच्या आतून धावत आल्या. "काय ओरडा चाललाय? जावयाला काही बोलले का तुम्ही?"

"नाही हो मामी," जावई म्हणले. "उलट मामांनी आग्रह करकरून वाढलं."

"मंग बरं," म्हणून त्या परत आत गेल्या. लेक माझ्या गुडघ्याला डोकं टेकून हसत बसली, हसताना तिला ठसका लागला. मी पाठ ताठ करून बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, लेक-जावई उठायच्या आत, चहाच्याही आधी मी टॅब उघडला, गुहेबाहेर बसतो त्या लोहाराकडं गेलो आणि ढाल परत ठोकून घेतली.